हात जात नाही तिथे

मोटार घरी दुरुस्त करू पाहणाऱ्या माणसाला बिघाड फारसा छळत नाही. बिघाड बहुधा किरकोळच असतो. एखादा बल्ब गेलेला असतो, पट्टा सैल झालेला असतो, एखाद्या रबरी नळीला चीर गेलेली असते. तो भाग बाजारात मिळतो, बऱ्याचदा हॉटेलातल्या एका जेवणापेक्षा स्वस्त मिळतो, आणि तो बदलायला लागणारं ज्ञान 'जुना काढा, नवा लावा' याच्या पलीकडे जात नाही. छळते ती त्या भागापर्यंतची वाट. भाग दिसतो, पण हात पोचत नाही. हात पोचला तर पाना बसत नाही, पाना बसला तर फिरत नाही, आणि फिरलाच तर नट सुटून जिथे जातो ते ठिकाण गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

हे मी तक्रारीच्या सुरात लिहितोय खरा, पण तक्रारीचा मला तसा अधिकार नाही. कुणी बळजबरी केलेली नाही. आमच्या पुण्यात गल्लीगणिक गॅरेज आहे, फोन केला तर मेस्त्री दारात येतो, आणि घरच्या मंडळींचं मत पहिल्यापासून त्याच्याच बाजूने आहे. "अहो, त्याला बोलवा आणि मोकळे व्हा ना," हे वाक्य आमच्याकडे सणावारालाही चुकत नाही. मी पैसे वाचवण्यासाठी हे करतो असा सौभाग्यवतींचा समज आहे. तो समज मी मोडत नाही, कारण खरं कारण सांगितलं तर परिस्थिती आणखी बिघडेल. पैसे अजिबात वाचत नाहीत. रिंग पान्यांचा संच, गोट्यांची पेटी, पक्कड, जॅक, लोखंडी स्टँड आणि एकदाच वापरून माळ्यावर गेलेली इतर आयुधं यांच्या किमतीत मेस्त्र्याने माझी गाडी निवांत सांभाळली असती. पण बंद पडलेलं इंजिन आपल्या हातून पुन्हा सुरू झालं की पुढचा आठवडाभर माणूस ऑफिसातही जरा ताठ बसतो. हा खर्च त्या ताठपणाचा.

घरात दोन गाड्या आहेत. एक नव्वदच्या दशकातली मारुती ८००, कार्बोरेटरवाली. दुसरी चिरंजीवांच्या आग्रहावरून घेतलेली अलीकडची हॅचबॅक, जिचं नाव इथे लिहीत नाही. पहिली वयोमानानुसार काम मागते. दुसरी क्वचितच काही मागते, पण मागितलं की हात लावू देत नाही.

पुढच्या दिव्याचा बल्बच घ्या. एच-४ जातीचा साधा हॅलोजन बल्ब, साठ-पंचावन्न वॅटचा. आत दोन तारा, एक अप्परची, एक डिपरची. मागे तीन पाती. दुकानातला मुलगा तो हातात देताना एकच सूचना करतो, "काचेला बोट लावू नका." हे थोतांड नाही. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला तर दिवा तापल्यावर नेमकी त्याच ठिपक्यापाशी काच जास्त तापते आणि बल्ब अकाली जातो. सूचना योग्यच आहे. फक्त ती देणाऱ्याने तो बल्ब कुठे बसवायचा आहे हे पाहिलेलं नसतं.

आमच्या नव्या गाडीत दिव्याच्या पाठीशी बॅटरी आहे. बॅटरी आणि दिवा यांच्यामधली फट कुणीतरी नक्कीच विचारपूर्वक ठेवलेली आहे. हात आत जाईल इतकी ती आहे, आणि हातात काही असलं तर तो बाहेर येणार नाही इतकीच आहे. बरणीत हात घालून मूठभर शेंगदाणे काढू पाहणाऱ्या पोराची जी गत, तीच आपली. आधी रबरी टोपण काढायचं. ते दिसत नाही, चाचपून काढायचं. मग तीन पात्यांवर बसलेला प्लास्टिकचा सॉकेट ओढायचा. तो वर्षानुवर्षं तापून तिथेच कायमचा रहिवासी झालेला असतो. मग बल्बला जागेवर दाबून धरणारी तारेची क्लिप. ही दाबून बाजूला सरकवायची असते. कुठल्या बाजूला, हे बोटांनीच ओळखायचं, कारण त्या कोनात माणसाची मान वळत नाही, आणि आरसा आत धरावा तर हाताला जागा उरत नाही. मोबाइल आत घालून फोटो काढता येतो. त्यात आपलाच अंगठा फार स्पष्ट येतो.

आणि हे सगळं झाल्यावर नवा बल्ब आत न्यायचा, काचेला बोट न लावता. बल्बच्या कड्याला तीन कान असतात आणि ते खाचांत एकाच पद्धतीने बसतात. नीट बसले हे फक्त 'टक' अशा बारीक आवाजावरून कळतं, आणि तो आवाज व्हायचा तेव्हाच गल्लीत टमाटे-कांदेवाला भोंगा सुरू करतो. शेवटी रात्री दिवे लावून पाहावं तर एक झोत रस्त्यावर आणि दुसरा समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरचे लोक सभ्य आहेत, त्यांनी नुसता पडदा ओढून घेतला.

काही गाड्यांत याच कामासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो. ही अतिशयोक्ती वाटेल, पण ज्यांनी उतरवलाय त्यांना विचारा.

यात दुष्टपणा कुणाचाच नाही, हे मात्र कबूल करायला हवं. कारखान्यात गाडी जुळवतात तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स बहुतेक ठिकाणी एकत्रच, खालून वर चढवतात. मग नळ्या, वायरींचे जुडगे, बॅटरी; बंपर अगदी शेवटी. जिथे आज माझा हात जात नाही तिथे जुळवणाऱ्याचा हात आधीच जाऊन आलेला असतो, वाटेत काहीच नसताना. गाडी पटकन जुळली पाहिजे यासाठी कारखान्यात सेकंदासेकंदाचा हिशेब होतो. ती पटकन उघडली पाहिजे याचा हिशेब कोण मांडणार? घरी उघडणारा माणूस कुणाच्याच पगारावर नसतो.

दुसरं कारण आपण स्वतःच आहोत. १९५९ साली इंग्लंडात ॲलेक इसिगॉनिस यांची मिनी आली. त्यांनी इंजिन आडवं बसवलं, पुढच्याच चाकांना जोडलं, चाकं जेमतेम दहा इंची ठेवली, आणि गाडीच्या लांबीतला मोठा हिस्सा माणसांना व सामानाला देऊन टाकला. पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी हाच कित्ता गिरवला. मारुती ८०० त्याच वंशातली. तीन सिलिंडरांचं, ७९६ सीसीचं इंजिन आडवं, आणि ओढणारी चाकं पुढची. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली तेव्हा तेवढ्याशा गाडीत आई-बाबा, मागे आजी-आजोबा, मांडीवर नातवंडं आणि डिकीत आंब्याची पेटी कशी मावते याचं लोकांना नवल वाटायचं. मावायची, कारण इंजिनाच्या खोलीतून जागा काढून ती बैठकीच्या खोलीला दिलेली होती. मागच्या सीटवर आपण पाय पसरतो तो प्रत्येक इंच बोनेटखाली कुणाच्या तरी बोटांच्या सांध्यांतून वसूल होतो. पसरलेले पायही माझे आणि सोललेली बोटंही माझीच, त्यामुळे भांडायचं कुणाशी हा प्रश्न सुटत नाही.

आमच्या सोसायटीतले एक काका अजून फियाटच्या काळात राहतात. मी बोनेट उघडलं की त्यांना कुठून कळतं देव जाणे. चप्पल सरकवत येतात आणि खांबाला टेकून उभे राहतात. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी काय किंवा उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर काय, त्या गाड्यांत इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं असे आणि त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा. काका म्हणतात, "आमच्या फियाटमध्ये नट पडला ना, तर सरळ फरशीवर पडायचा. उचलायचा, पुसायचा, लावायचा. तुमचं हे काय, सगळं कोंबून ठेवलंय." हे सांगताना त्यांचा जो आवाज लागतो तो एरवी फक्त वसंतराव देशपांड्यांच्या मैफलींची आठवण निघाली की लागतो.

काकांशी वाद घालू नये, पण ते एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. त्या गाड्यांत हाताला जागा होती, कारण हात सारखा घालावाच लागायचा. पॉइंट घासा, प्लग पुसा, कार्बोरेटरमधला कचरा काढा, रेडिएटरमध्ये पाणी ओता. बोरघाटात आणि खंबाटकीत बोनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या हे त्या वेळच्या प्रवासाचं नेहमीचं चित्र होतं, आणि बोनेटवर ओला पंचा टाकून शेजारी डबा उघडून बसलेली कुटुंबंही. उघडायला सोपी गाडी आणि उघडावी न लागणारी गाडी, अशी निवड होती. आपण दुसरी घेतली. मीही तीच घेतली असती. माझी कुरकुर एवढीच की वर्षातून एखाद्या वेळी उघडावी लागते, तेव्हा तरी थोडा मान राखावा.

माझं स्वतःचं शिक्षण वडिलांच्या चेतकवर झालं. आकुर्डीच्या बजाजची ही स्कूटर ज्यांच्या घरी होती त्यांना वेगळं सांगायला नको. उजवीकडचा डबा काढला की इंजिन थेट हाताशी. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फट डोळ्यांच्या अंदाजाने ठेवायची, फुंकर मारून लावायचा. तरी सुरू झाली नाही तर स्कूटर एका अंगाला कलती करायची, थोडं थांबायचं, मग किक. कलती केल्याने आत नेमकं काय होतं यावर वडील आणि शेजारचे यांच्यात तात्त्विक मतभेद होते. होत मात्र होतं. माझं काम पाना देणं. "दहा-अकरा" म्हटलं की दहा-अकरा, "बारा-तेरा" म्हटलं की बारा-तेरा. आमच्या वाड्यातल्या मुलांना बेरजेच्या आधी या जोड्या पाठ होत्या. संध्याकाळी पडवीत बसून दुरुस्ती व्हायची आणि रात्री जेवताना स्कूटरचा विषय संपलेला असायचा.

मोटारीच्या इतिहासातल्या पहिल्या गाजलेल्या प्रवासात दुरुस्त्याही होत्या, आणि त्या एका बाईने केल्या. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला पत्ता लागू न देता त्याची तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून माहेरच्या फॉर्झहाइम गावी निघाल्या. रस्ता शंभरेक किलोमीटरचा. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीला लावायच्या लांब टाचणीने मोकळी केली. करंटच्या वायरीचं आवरण गेलं, तिथे पायमोजाचा पट्टा वापरला. ब्रेकचे गुटके झिजले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानात मिळालं. बाईंच्या धैर्याबद्दल लोक भरभरून लिहितात, ते रास्तच आहे. मला मात्र ते वाचताना पहिल्यांदा जाणवलं ते हे, की नळी हाताला लागत होती! आज ती टाचणी घेऊन मी उभा राहिलो, तर आधी वरचं प्लास्टिकचं आवरण, मग एअर फिल्टरचा डबा, मग त्याखालची पट्टी, असं करत नळीपाशी पोचेपर्यंत टाचणी कुठे ठेवली हेच आठवणार नाही.

जुन्या गाडीत जागेपेक्षा मोठं दुखणं गंजाचं. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. बोल्ट आणि नट यांच्या आट्यांमध्ये जी बारीकशी फट असते ती तो भरून काढतो आणि दोघांचा विवाह अतूट होतो. गाडी दर गणपतीला कोकणात जाणारी असेल तर विचारूच नका. खारी हवा, चिखल आणि पाऊस यांनी खालच्या बाजूचे बोल्ट ओळखू येईनासे होतात. अशा बोल्टशी वागायची रीत ठरलेली आहे. आधी रॉकेल सोडायचं, किंवा डब्ल्यूडी-४० फवारायचं. (हे औषध १९५३ साली अमेरिकेत धातूपासून पाणी दूर ठेवण्यासाठी तयार झालं, चाळिसावं मिश्रण जमलं म्हणून नावात चाळीस. एकोणचाळीस वेळा फसलेल्या माणसांची वस्तू आमच्या कामाला यावी यात मला न्याय दिसतो.) मग थांबायचं. खरं औषध हे थांबणंच, आणि तेच कुणाला जमत नाही. मग हातोडीचे हलके ठोके, मग पाना. फिक्स पाना लावू नये, तो बोल्टच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो; रिंग पाना किंवा गोटी सगळे कोपरे धरते. तरीही हलत नसेल तर पान्याच्या दांड्यात पाइप घालून लांबी वाढवायची.

पाइप लावल्यावर बोल्ट सुटतो तरी, किंवा त्याचे कोपरे गोल होऊन पाना त्यावर गरगर फिरू लागतो. तिसरी शक्यता वाईट. बोल्ट एकदम सहज फिरतो, इतका सहज की मनात पाल चुकचुकते. बाहेर येतं ते नुसतं डोकं, बाकीचा बोल्ट आतच. बोल्टचं डोकं तळहातावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी कुणी बोलू नये.

रॉबर्ट पिर्सिग यांनी १९७४ सालच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या पुस्तकात अडकून बसलेल्या एका स्क्रूवर बरंच तत्त्वज्ञान केलंय. एवढ्याशा स्क्रूपायी सगळी मोटरसायकल निकामी होत असेल, तर त्या घटकेला त्या स्क्रूचं मोल मोटरसायकलीएवढंच, असा काहीसा त्यांचा मुद्दा. पटण्यासारखाच आहे. पण प्रत्यक्ष त्या घटकेला तत्त्वज्ञान सुचत नाही. जे सुचतं ते दिवाळी अंकात छापता येत नाही.

नट पडण्याचाही एक स्वभाव असतो. तो कधी पहिल्या आट्याला पडत नाही, शेवटच्या आट्याला पडतो, जेव्हा बोटं शिणलेली असतात. पडला की 'टिण' होतं, मग जरा खाली 'टण', आणि मग काहीच नाही. हे 'काहीच नाही' फार वाईट. जमिनीवर पडल्याचा आवाज आला असता तर जीव भांड्यात पडला असता. नव्या गाड्यांच्या पोटाखाली चिखल उडू नये म्हणून प्लास्टिकचं आवरण असतं, नट त्यावर जाऊन विसावतो. मग लोहचुंबक लावलेली लवचिक कांडी आत सोडून मासेमारी सुरू होते. कांडीला वाटेतल्या प्रत्येक लोखंडी वस्तूबद्दल प्रेम असतं, फक्त नटबद्दल नसतं.

घट्ट करणं हे सोडवण्याहून अवघड, कारण कुठे थांबायचं ते बोल्ट सांगत नाही. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लग पोलादी. जोर जास्त झाला की हेडमधले आटे जातात आणि प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च समोर उभा राहतो. सैल राहिला तर दाब गळतो. कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक बोल्टसाठी न्यूटन-मीटरमध्ये आकडा दिलेला असतो, आणि तो मोजणारा टॉर्क रेंचही मिळतो. मेस्त्र्याला विचारलं, तर तो म्हणतो, "हाताला कळतं की साहेब." त्याच्या हाताला कळतं. आपल्या हाताने आयुष्यभर पेन आणि माऊस धरलेला असतो.

प्लगच्या वायरींचं तर साधं गणित आहे. मारुतीच्या इंजिनाला तीन प्लग, तीन वायरी. तीन वायरी सहा तऱ्हांनी लावता येतात. इंजिन पेटायचा क्रम एक, तीन, दोन असा ठरलेला, त्यामुळे सहांतली एकच तऱ्हा चालते. उरलेल्या पाचांत गाडी नुसती खोकते, किंवा असा बार काढते की वॉचमन केबिनमधून धावत येतो. म्हणून वायरी काढण्याआधी त्यांवर चिकटपट्टीचे आकडे डकवावेत. हा सल्ला फुकट आहे आणि सोन्याच्या मोलाचा आहे.

सुटा भाग आणायला पुण्यात नाना पेठ. एखादा वायसर हवा म्हणून तिथे गेलेला माणूस दुकानदारासमोर उभा राहिला की त्याचं ज्ञान पहिल्या तीन प्रश्नांत संपतं. "मॉडेल कुठलं?" सांगतो. "कार्बोरेटर का एमपीएफआय?" हेही सांगतो. "सँपल आणलंय?" सँपल म्हणजे जुना, तुटलेला भाग. तो आणलेला नसतो, कारण तो अजून गाडीतून निघालेला नसतो, आणि तो काढायला लागणारी वस्तू घ्यायलाच तर आपण आलेलो असतो. त्यातून सुटलो तर चौथा प्रश्न, "ओरिजिनल देऊ का लोकल?" दोन्ही भाग काउंटरवर शेजारी ठेवले जातात. फरक डोळ्यांना दिसत नाही, फक्त किमतीत दिसतो. ओरिजिनल घ्यावा तर म्हाताऱ्या गाडीवर इतका खर्च का, असं वाटतं. लोकल घ्यावा तर परतीच्या वाटेवर कॅम्पपर्यंत मन खात राहतं. शेजारी एखादा गॅरेजचा पोऱ्या येतो, दुकानदाराला नुसती दोन बोटांची खूण करतो, आणि तोवर पुडकं बांधून तयार असतं. ही भाषा पुस्तकात शिकायला मिळत नाही.

हल्ली शिकायला व्हिडिओ आहेत म्हणतात. आहेत. त्यांत परदेशातला कुणी सद्‌गृहस्थ आपल्या प्रशस्त गॅरेजात, स्वच्छ हातांनी, गंजाचा ठिपका नसलेल्या गाडीसमोर उभा असतो. "आता हा बोल्ट काढून घ्या," असं म्हणतो, आणि पुढच्या दृश्यात बोल्ट टेबलावर असतो. मधल्या दृश्यात काय झालं ते फक्त देव आणि संकलक जाणतात. शिवाय त्याची गाडी डाव्या सुकाणूची. त्याच्याकडे मोकळी असलेली बाजू आपल्याकडे ब्रेकच्या सामानाने भरलेली.

नव्या गाडीसाठी आणखी एक सोय निघाली आहे. सुकाणूखालच्या सॉकेटमध्ये एक छोटा डबा खोचायचा, तो मोबाइलशी बोलतो, आणि पिवळा दिवा का लागलाय ते सांगतो. मोठ्या आशेने खोचावा तर पडद्यावर येतं, 'पी०१७१'. म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त होतेय. छान. पण हवा कुठून जास्त होतेय? नळी फुटली असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पंप दमला असेल, इंजेक्टर तुंबला असेल. डब्याला ताप कळतो, रोग कळत नाही, आणि चारही संशयित जिथे राहतात तिथे पुन्हा हात जात नाहीच. आपल्या सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत हा हेतू उत्तम. दुरुस्तीच्या हक्काबरोबर कुणी चार इंच जागेचाही हक्क मिळवून दिला, तर मी त्या चळवळीची वर्गणी भरेन.

इंजिन ऑइल बदलण्याइतकं सोपं काम नाही, असं सगळे सांगतात. तेही खरं असावं, फक्त ते काम एकट्याने करता येत नाही. प्रेक्षक लागतात आणि ते आपोआप येतात. दुधवाला विचारतो, बॅटरी गेली का? इस्त्रीवाला सांगतो, बॅटरी असेल. वरच्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतून चिंता व्यक्त करतात, "अहो भाऊजी, बॅटरी बघितलीत का?" गाडीतून तेल गळत असलं, चाक निखळलं असलं किंवा काच फुटली असली, तरी या देशात पहिला संशय बॅटरीवर. काढलेल्या जळक्या तेलाला मात्र प्रचंड मागणी. कुणाला लाकडी फळ्यांना वाळवी लागू नये म्हणून हवं, कुणाला गावाकडच्या गोठ्याच्या खांबांना. गटारात ओतणाऱ्यांच्या मानाने हे परवडलं. त्या तेलाने माखलेले हात धुवायचे ते मेस्त्र्यांच्या पद्धतीने, निरमा आणि लाकडाचा भुसा चोळून. नखांतलं काळं तरीही सोमवारच्या मीटिंगपर्यंत टिकतं, आणि माझ्या मते ते दिसलेलं वाईट नाही.

एवढं सगळं करून शेवटी मेस्त्री येतोच. आमचा मेस्त्री वयाने लहान, बोलायला कमी. तो बोनेटखाली वाकतसुद्धा नाही. भलतीकडेच कुठेतरी बघत, बहुधा काकांशी क्रिकेटबद्दल बोलत, एक हात आत सोडतो. मनगट अशा एका कोनात वळतं की आपलं कधीच वळलं नसतं. आत काहीतरी 'टक' होतं. हात बाहेर येतो तेव्हा त्यात तो भाग असतो. गाडीच्या त्याच अरुंद फटीतून! त्याच्या बोटांना त्या अंधारातली प्रत्येक क्लिप, प्रत्येक कान पाठ आहे. शेकडो गाड्यांत हात घालून झालेलं ते पाठांतर आहे. मग तो हात पुसतो आणि जी रक्कम सांगतो ती ऐकून घरातून लगेच आवाज येतो, "एवढीच?" मी मात्र घासाघीस करत नाही. तो दहा मिनिटांच्या कामाचे पैसे घेतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा स्वतःच्या गाडीचा पुढचा बल्ब बदलून पाहावा.

तर कुणाला बदलायचाच असेल, तर थोडक्यात सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावा, आणि स्टँडच्या जागी विटा तर मुळीच नकोत. वीट वजनाखाली न सांगता भरडते. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्हची वायर सोडवा, कारण गाडीचा सगळा पत्रा तिलाच जोडलेला असतो आणि पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला टेकला की ठिणग्या उडतात. काढलेले नट एका वाटीत ठेवा, पण ती वाटी स्वयंपाकघरातली नको. आणि हात घालायचा तो शनिवारी सकाळी घाला. रविवारी सुट्या भागांची बहुतेक दुकानं बंद असतात.